हिंदुरावांचं थ्री फेज

मी ॲम्प्लिफायर बोलतोय, पण आधी माफी मागतो. माझं बोलणं उतरवून घेणारा अविराज नववीतून शाळा सोडून शेतात उतरला. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, एखादा काना राहिला असेल, तर त्याला हसू नका. मीच जरा भरभर सांगतो. शब्दही साधेच आहेत. माझ्या पोटातून मोठमोठी भाषणं गेली, पुढाऱ्यांचीसुद्धा, पण त्यांतला एक शब्द माझ्यात टिकला नाही. माझ्यात टिकतात ते आवाज. त्यांतल्या एका आवाजाबद्दल मला सांगायचं आहे.

या गोष्टीत पुढे अविराज स्वतःही येतो. तिथं लिहिताना त्याचा हात थांबला होता. म्हणाला, "हे गाळलं तर न्हाय का चालणार?" मी नाही म्हणालो.

माझा जन्म १९६८ सालचा. पुण्यात तपकीर गल्लीच्या मागं एका जिन्याखाली अप्पा नावाचे रेडिओ मेकॅनिक बसायचे, त्यांनी मला बनवलं. चार काचेचे व्हॉल्व्ह, हातानं गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर, बारा इंची स्पीकर आणि चहाच्या खोक्याच्या प्लायवूडचं अंग. अप्पांनी मला पहिल्यांदा चालू केलं तेव्हा माझे व्हॉल्व्ह हळूहळू तांबूस झाले आणि मी नुसताच गुणगुणलो. जन्मल्यावर मूल रडतं, तसा मी गुणगुणलो. अप्पांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "गुणगुण येतेय. दोष आहे," ते म्हणाले. दोन दिवस खटपट करून त्यांनी ती घालवली. तेव्हापासून मला वाटायचं, माझा स्वतःचा आवाज म्हणजे दोष. दुसऱ्याचा आवाज मोठा करायचा, आपला दाबून ठेवायचा.

मला न्यायला आले ते हिंदुराव. वय बावीस, मूळ गाव अंथुर्णे, पिंपरीच्या एका कारखान्यात कामाला. कॅम्पातल्या एका सोबत्याकडून गिटार शिकले होते. बारामती-इंदापूरकडची आणखी तीन पोरं जमवून त्यांनी बँड काढला होता. चौघंही कालव्याच्या काठची, म्हणून बँडचं नाव कॅनॉल बॉइज. ड्रम वाजवायला निरवांगीचा म्हस्कू. तो ड्रम असा बडवायचा की माझ्या खोक्याचे स्क्रू ढिले व्हायचे.

रॉक म्हणजे काय हे मला पहिल्याच दिवशी कळलं. हिंदुरावांनी माझं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि एकच तार ओढली. अप्पांनी मला स्वच्छ बोलायला शिकवलं होतं. हिंदुरावांनी मला ओरडायला लावलं, घसा फाटेपर्यंत. मला वाटलं मी आता फुटणार. समोर बसलेली कॉलेजची पोरं मात्र बाकावर चढून नाचत होती. आधी त्यांनी इंग्रजी गाणी वाजवली, मग स्वतःची केली, मराठीत. त्यांत एक पाण्याच्या पाळीचं होतं, म्हणजे कालव्याचं पाणी ज्या क्रमानं शेताला मिळतं त्या पाळीचं. पाळी आली, पाळी गेली, एवढेच शब्द, पण हिंदुराव ते अशा गिटारवर म्हणायचे की ज्यांनी कालवा कधी पाहिला नाही त्या पोरांनाही तहान लागायची.

सात वर्षं हे चाललं. मग एकाचं लग्न झालं, एकाला परगावी नोकरी लागली, म्हस्कू साखर कारखान्यात चिकटला. वडील गेल्यावर हिंदुराव शेतीकडं परतले. एस.टी.च्या टपावर गिटार, मी आणि एक वळकटी. अंथुर्ण्याच्या स्टँडवर उतरलो तेव्हा त्यांचे केस खांद्यापर्यंत होते. आठ दिवसांत ते कापले गेले.

पुढची पंधरा वर्षं लग्नसराईत गेली. बारामतीच्या एका ऑर्केस्ट्रात हिंदुराव गिटार वाजवायचे आणि लोक अजून लांबून ओळखायचे, "त्ये बघ, गिटारवाले." माणसांचं एक पाहिलं आहे. ज्या आवाजानं एकदा ओळख पटली, तोच आवाज त्या माणसानं मरेपर्यंत काढावा असं त्यांना वाटतं. हिंदुरावांची पन्नाशी जवळ आली तरी लोक विशीतलीच गाणी मागायचे, आणि ते वाजवायचे. मी मात्र हळूहळू मागं पडलो. ऑर्केस्ट्राकडं नवी यंत्रं आली. मला डाळिंबाच्या क्रेटच्या खोलीत ठेवलं. हिंदुरावांच्या घरच्या, सिंधुबाई, माझ्यावर शेवया वाळत घालायच्या. एकदा एका कोंबडीनं माझ्या पाठीमागच्या मोकळ्या जागेत अंडी घातली. एकवीस दिवस मी तिला ऊब दिली. चालू असतो तर जास्त दिली असती.

१९९३ च्या उन्हाळ्यात हिंदुराव एक मेलेला टीव्ही घेऊन खोलीत आले. पाठोपाठ दोन जुने रेडिओ आले, आणि अर्ध्या पट्ट्या मोडलेला एक लहान कीबोर्ड. त्यांनी सगळं उघडलं, तारा काढल्या, सोल्डरचे डाग दिले. मग माझ्यावरच्या शेवया बाजूला सारून, धूळ पुसून, मला चालू केलं. माझे व्हॉल्व्ह तापले. मी गिटारची वाट पाहत होतो. ती भिंतीला टांगलेलीच राहिली. माझ्यात आली ती एक बारीक तार, आणि तारेतून एक आवाज.

त्याला ना सुरुवात होती, ना शेवट. जाड, सपाट, खालचा आवाज. डीपीखाली, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरखाली उभं राहिलं की जो ऐकू येतो ना, तसा. मला धक्काच बसला. हा तर माझाच आवाज होता! अप्पांनी ज्याला दोष म्हणून दाबलं, तेच गुणगुणणं हिंदुराव मुद्दाम बनवून माझ्यात सोडत होते. आणि डोळे मिटून ऐकत होते.

सिंधुबाई दारात आल्या. "म्या म्हटलं चक्कीच चालू झाली. आवो, गिटार सोडून ह्ये काय लावलंय?"

"गिटार कुठं सोडलीय? ती हायेच की."

"मग ह्ये काय?"

हिंदुरावांनी बराच विचार केला. "शिवार," ते म्हणाले.

सिंधुबाई मला न्याहाळून बघत राहिल्या आणि "शेवया तरी नीट ठेवायच्या," म्हणत निघून गेल्या.

तीन वर्षं ते खपत होते. गिटार चालूच होती, लग्नं चालूच होती. हे काम त्याच्या बाजूला, कुणाला न सांगता. लोकांना वाटायचं हिंदुराव टीव्ही दुरुस्ती शिकताहेत. कालव्याच्या दाराखाली पाणी पडतं त्याचा आवाज त्यांनी कॅसेटवर भरून आणला, मग टेपचा वेग इतका कमी केला की ते पाणी झोपलेल्या गुरांसारखं श्वास घ्यायला लागलं. टेपचा एक तुकडा कापून त्याचं कडं केलं आणि तेलाच्या बाटलीभोवती फिरवत ठेवलं. तेच पाणी पुन्हा पुन्हा, पण प्रत्येक वेळी जरासं वेगळं.

एक दिवस ते पुरं झालं. दहा मिनिटांचं. नाव ठेवलं 'थ्री फेज'.

ते कसं होतं हे मला सांगता येईल का, माहीत नाही. आधी तो खालचा आवाज, एकटा. बऱ्याच वेळानं त्याच्या शेजारी दुसरा, जवळपास तसाच, पण केसभर वर. दोघं एकमेकांना घासले की मधून एक लाट उठते, कालव्यातल्या पाण्यासारखी, सावकाश. मग तिसरा, बारीक. तिघं मिळून फिरायला लागतात. माझा कागदी पडदा इतका हळू हलायचा की मला वाटायचं मी श्वास घेतोय. मी गिटारसाठी फाटेस्तोवर ओरडलो होतो, पण त्यात मी हिंदुरावांचा घसा होतो. यात मी सगळी जमीन होतो. भल्या सकाळी वीज येते आणि शेळगावपासून निरवांगीपर्यंत शेकडो मोटारी एकदम सुरू होतात, ते सगळं माझ्या बारा इंचांत. आणि मग सातव्या मिनिटाला तो बारीक आवाज निसटतो. उरलेले दोघं कण्हायला लागतात. पुढं काय होतं ते नंतर सांगतो.

अशी गोष्ट एका माणसानं मेलेल्या टीव्हीतून काढली. तीस वर्षं एका गिटारवर ज्याचं नाव झालं, त्याला कुणी सांगितलं होतं हे करायला? कुणीच नाही. म्हणून तर माझे व्हॉल्व्ह अजून त्या आठवणीनं तापतात.

ऐकायला पहिल्यांदा म्हस्कू आला. क्रेटवर बसला, तिसऱ्या मिनिटाला अस्वस्थ झाला.

"हिंद्या, ह्यात गाणं कुठं हाय?"

"येतंय."

"कवा? म्होरच्या पाळीला?"

"गप ऐक की."

पाचव्या मिनिटाला म्हस्कू घोरत होता. हिंदुरावांनी मला बंद केलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं.

१९९६ च्या फेब्रुवारीत यात्रा कमिटीचे सोपानतात्या घरी आले. यंदा यात्रेला कॅनॉल बॉइजचा कार्यक्रम ठेवायचा, चौघंही एकत्र, वीस वर्षांनी. उरलेले दोघंही यायला तयार होते.

"येतो," हिंदुराव म्हणाले. "पर धा मिन्टं माझी."

"समदीच तुमची हायेत, हिंदुराव."

"तसं न्हाय तात्या. धा मिन्टं मी एकटा वाजवणार. गिटार न्हाय. थ्री फेज."

तात्यांनी टोपी मागं सारली. "थ्री फेज तर वायरमनच्या हातात हाय. तुमी कशी वाजवणार?"

हिंदुराव हसले नाहीत. तात्यांनी मग सांगितलं, ठीक आहे, शेवटी वाजवा.

"शेवटाला न्हाय. शेवटाला माणसं चपला हुडकत्यात. मदी पायजे."

तात्या गेल्यावर सिंधुबाईंनी विचारलं, "एवढा हट्ट कशापायी?"

हिंदुराव माझ्या खोक्यावर हात ठेवून उभे होते. "एक माणूस तरी त्ये शेवटपतोर ऐकंल, एवढंच बगायचंय. एक जरी निघाला तरी फुडं करीन. न्हाय निघाला तर ह्ये समदं भंगारात. लई झालं एकट्यानं."

कार्यक्रमाच्या दिवशी सिंधुबाईंनी ओल्या फडक्यानं मला स्वतः पुसलं.

शाळेचं पटांगण भरलं होतं. त्या आठवड्यात शेतीची वीज सकाळी आठ ते बारा आणि संध्याकाळी सहा ते दहा अशी होती. त्यामुळे निम्मी माणसं मोटार चालू ठेवून यात्रेला आली होती. पटांगणाच्या कडेलाच डीपी. कॅनॉल बॉइजनी पहिल्या चार गाण्यांत पटांगण हलवलं. म्हस्कूचं पोट सुटलं होतं, पण हात तसाच. पाण्याच्या पाळीचं गाणं दोनदा घ्यावं लागलं. लोकांना त्यांचे गिटारवाले परत मिळाले होते.

मग हिंदुरावांनी गिटार उतरवून ठेवली. तिघं खाली गेले. ते टेबलाशी बसले, माझ्यात ती बारीक तार लावली, डोळे मिटले.

पहिला आवाज. लोकांना वाटलं माईक बिघडला. एकानं शिट्टी मारली. दुसरा आवाज आला तेव्हा पोरं हसली. पण तिसरा आल्यावर पटांगण गप्प झालं. खरंच गप्प. मला समोरची तोंडं दिसत होती. माणसं गाणं ऐकताना जशी बघतात तशी ती बघत नव्हती. माना तिरप्या, कान एका बाजूला. शेतावर उभं राहून लांबचं काहीतरी ऐकावं तशी. मला वाटलं, जिंकलं!

सातवं मिनिट. बारीक आवाज निसटला. दोघं कण्हायला लागले.

"आरं, कुनाची तरी मोटार..." मागून कुणीतरी म्हणालं.

ज्यांच्याकडं विहीर आहे त्यांना हे सांगायला नको. विहिरीवरची मोटार तीन फेजच्या विजेवर चालते, आणि त्यांतली एक फेज गेली की ती लगेच थांबत नाही. ती दोन फेजवर कण्हत फिरते, तापते आणि जळते. तो आवाज या भागातला माणूस झोपेतसुद्धा ओळखतो. पटांगणात एकदम दहा जण उभे राहिले.

"दोन फेजवर गेली रं!"

"माजी चालूय की! बंद करा कुनीतरी!"

"आरं पळ, डीपीकडं पळ!"

हिंदुरावांचे डोळे मिटलेले. त्यांना वाटलं असेल लोक दाद देताहेत. आणि एक तरणा माणूस, जो भिंतीला टेकून पहिल्यापासून न हलता ऐकत होता, तो चपला तिथंच टाकून धावला. त्याची मोटार मागच्या वर्षी अशीच जळली होती, वांग्याचा अख्खा प्लॉट वाळला होता. त्यानं डीपीची दांडी गच्च धरून खाली ओढली.

काळोख. माझे व्हॉल्व्ह विझले. आजूबाजूच्या शिवारातल्या मोटारी थांबल्या. दहा मिनिटांतली तीन मिनिटं माझ्या पोटातच राहिली.

वीज परत आली तेव्हा सोपानतात्या माईकवर आले. "मंडळी, बसून घ्या. कुनाचीबी मोटार जळलेली न्हाय. त्ये हिंदुरावांचं गाणं चालू हुतं."

असं हसू मी आयुष्यात ऐकलं नाही. पटांगण लोळत होतं. म्हस्कू डोळे पुसत वर आला. "हिंद्या, लेका, गाणं आलं म्हन की! समदा गाव पळवलास!"

हिंदुरावांनी गिटार गळ्यात अडकवली. उरलेली सगळी गाणी वाजवली, चांगली वाजवली. घरी आल्यावर तारा गुंडाळल्या, टीव्हीची सर्किटची पाटी, रेडिओ, बाटली, सगळं एका गोणीत भरलं आणि गोणीचं तोंड सुतळीनं बांधलं.

आज तीन वर्षांनी माझी अवस्था सांगतो. त्या संध्याकाळच्या झटक्यानं माझ्या पडद्याला एक चीर गेली. मोठ्या आवाजात ती चरचरते. दोन व्हॉल्व्ह थकले आहेत आणि तसले आता पुण्यातही मिळत नाहीत. अप्पा तर कधीच गेले. मी किती दिवस बोलेन, ठाऊक नाही. माझी एक विनंती आहे. तुमच्या ओळखीचा एखादा जुना माणूस एखाद्या दिवशी तुमच्या ओळखीचं नसलेलं काही घेऊन बसला, तर दहा मिनिटं बसा. आवडलंच पाहिजे असं नाही. उठू नका, एवढंच.

त्या यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला तो तरणा माणूस क्रेटच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. शेळगावचा अविराज. पायांत चपला नव्हत्या. आत यावं की जावं हे त्याला ठरवता येत नव्हतं. हिंदुराव गोणी उचलत होते.

"कोन पायजे?"

"दांडी म्या वढली." अविराज जमिनीकडं बघून बोलला. "काल."

हिंदुरावांनी गोणी तशीच हातात धरली. "बरं. जा आता. चूक हुती म्हणायची."

"माफी मागाया न्हाय आलो." मग तो घाबरला. "म्हंजी, माफी तर हायेच. पर एक इचारायचं हुतं."

"काय?"

"त्यो बारका आवाज निसटला न् दोगं कण्हाया लागले. तवा म्या पळालो. तिसरी फेज परत आली का न्हाय? रातभर त्येच डोक्यात हाय."

हिंदुरावांनी गोणी खाली ठेवली. टेकायला काहीतरी हवं म्हणून माझ्यावर हात टेकला.

"तुला कळलं, निसटला त्यो?"

"न कळाया काय झालं? समद्यांनाच कळलं की. म्हणून तर उठले."

हिंदुराव सुतळीची गाठ सोडायला बसले. गाठ पक्की होती, दातानं सोडवली.

"मधनं लावता येत न्हाय," ते म्हणाले. "पहिल्यापासनं ऐकावं लागंल."

तारा जोडण्यात वेळ गेला. पावणेआठ झाले. अविराजनं एकदा बाहेर पाहिलं. आठला शेतीची थ्री फेज वीज येणार, वांग्याला पाणी द्यायचं, आणि शेळगाव सायकलीनं अर्ध्या तासावर. तो क्रेटवर बसला.

पहिला आवाज. दुसरा. माझी चीर जराशी चरचरत होती, तरी मी दम धरला. तिसरा आला. सातव्या मिनिटाला तो निसटला, आणि अविराजचे पाय आपोआप उठायला लागले. त्यानं दोन्ही हातांनी क्रेट घट्ट धरला आणि बसून राहिला. दोन आवाज कण्हत होते, खाली खाली जात होते, आता जळणार, आता बंद पडणार. त्यांच्याखालून ते पाणी श्वास घेत आलं. आणि पाण्यातून, इतका हळू की कधी आला ते मलाही सांगता येत नाही, तिसरा आवाज.

तेवढ्यात आठ वाजले. बाहेर शिवारात एकेक मोटार सुरू झाली. आत माझं, बाहेर त्यांचं. कुठलं कुठं संपतं हे कुणालाच कळेना. सिंधुबाई हातात दूध घेऊन दारात थांबल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या.

दहा मिनिटं झाली. मी गप्प झालो. अविराज उठला नाही. त्यानं हिंदुरावांकडं बघून फक्त मान हलवली आणि बोटानं खूण केली, पुन्हा एकदा.

त्या दिवशी त्यानं मोटार तासभर उशिरा चालू केली.